वाचनकट्टा चालवायचा कसा: ‘छान आहे’च्या पुढे जाणारी मतं काढून घेण्याची कृती

आमचा पहिला वाचनकट्टा पाच महिन्यांत बंद पडला. पुस्तकं चांगली होती, माणसं हौशी होती, पोहे तर उत्तमच होते. पाचव्या बैठकीला सात जण आले. त्यातल्या दोघांनी पुस्तक वाचलं होतं, आणि पाऊण तास बोलणं झालं ते पार्किंगवर. आमचा दुसरा कट्टा आता सहाव्या वर्षात आहे. माणसं जवळजवळ तीच आहेत, पोहेही तेच. बदलला तो क्रम: आधी काय ठरवायचं, आधी कोणी बोलायचं आणि मत देताना हातात काय असायला हवं.

डोंबिवलीतल्याच तीन-चार सोसायट्यांनी आमच्याकडे ‘पुस्तकांची यादी पाठवा ना’ म्हणून मागणी केली. यादी पाठवली, कट्टे सुरू झाले आणि आमच्या पहिल्या कट्ट्यासारखेच बसले. म्हणून यादीऐवजी ही कृती. आठ ते बारा शेजारी, महिन्याला एक पुस्तक, एक संध्याकाळ, एवढंच माप धरलं आहे. शंभर जणांचा कार्यक्रम करायचा असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला माईक लागतो.

टप्पा १: आधी माणसं आणि तारीख, पुस्तक नंतर

सोसायटीच्या मोठ्या वॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाकोणाला वाचनाची आवड आहे?’ असं विचारू नका. अंगठे भरपूर येतात, माणसं येत नाहीत. ज्यांच्या हातात कधी तरी पुस्तक दिसलं आहे अशांच्या दारात जाऊन विचारा. सकाळच्या लोकलला उभ्याने वाचणारा, वाचनालयाची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या काकू, रद्दीवाल्याकडे पुस्तकं चाळत बसणारा कॉलेजचा मुलगा. बारा जणांना विचारलंत तर आठ-नऊ टिकतात, तेवढे पुरतात. सहाच्या खाली गेलात तर दोघांच्या आजारपणात बैठक मोडते. चौदाच्या वर गेलात तर प्रत्येकाला बोलायला मिळत नाही आणि न बोलणारा पुढच्या वेळी येत नाही.

विचारताना दोनच गोष्टी सांगा: वर्षातून दहा बैठका, आणि पुस्तक अर्धवट राहिलं तरी यायचं. दुसरी गोष्ट विसरू नका. ‘वाचून झालं नाही, कोणत्या तोंडाने येऊ’ म्हणून गळणारी माणसं सगळ्यात जास्त असतात.

तारीख वर्षभरासाठी एकदाच ठरवा. आमची महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला असते. त्या दिवशी बँका बंद असतात आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवार मोकळाच आहे. रविवारी सकाळी ठेवून पाहिली होती. अर्धे लोक मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतून फोन करत होते, ‘आलोच, सुरू करा तुम्ही.’

बारा बैठकांचा हट्ट धरू नका. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला असते आणि गणपतीच्या महिन्यात कोणाकडेच हॉल रिकामा नसतो. हे दोन महिने मुद्दाम सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या घरांना पातळ पुस्तक लागतं. दिवाळीनंतरची बैठक एका पुस्तकाऐवजी दिवाळी अंकांवर घ्या, ज्याने जो वाचला तो घेऊन यावा. खर्च वाटला जातो आणि त्या महिन्याची निवडीची कटकट मिटते.

सावधान: घरोघरी फिरती बैठक ठेवणार असाल तर खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी करा. आमच्याकडे पहिल्या घरी पोहे होते, दुसऱ्या घरी पोहे आणि शिरा, चौथ्या घरी पावभाजी आणि आइस्क्रीम. पाचव्या घराने ‘आमच्याकडे नका ठेवू’ म्हणून हात वर केले. आता चहा आणि एकच पदार्थ, तोही बोलणं संपल्यावर. आधी दिलात तर बैठक हॉलमधून ओट्याशी सरकते आणि परत येत नाही.

टप्पा २: पुस्तक पोलने निवडू नका, पाळीने निवडा

पोल टाकला की सगळ्यांच्या ओळखीचं पुस्तक जिंकतं. ते बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेलं असतं, मत तेव्हाच ठरलेलं असतं, पुन्हा उघडून कोणी बघत नाही. बैठकीत वीस वर्षांपूर्वीच्या आठवणी निघतात. त्यांना मत म्हणता येत नाही.

आम्ही भिशीची चिठ्ठी पुस्तकाला लावली. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांची नावं डब्यात टाकायची आणि क्रम काढायचा. ज्याची पाळी त्याने तीन पुस्तकं सुचवायची. बाकीच्यांना फक्त एक नाव खोडायचा अधिकार, कारण न देता. उरलेल्या दोनांतलं एक तोच निवडतो. यात आवडी खऱ्या बाहेर येतात. एका गृहिणीने शेअर बाजारावरचं पुस्तक आणलं तेव्हा तिच्या नवऱ्यालाही ती बातमी होती.

पाळी असलेल्याने नाव सांगण्याआधी चार गोष्टी बघायच्या:

पहिली, जाडी. नोकरी करणारा माणूस दिवसाला पंधरा पानं वाचतो, तीही लोकलला खिडकी मिळाली तर. दीडशे पानं दहा दिवसांत होतात. चारशे पानांना सत्तावीस दिवस लागतात, म्हणजे एकही दिवस चुकायचा नाही आणि प्रत कोणाला द्यायचीही नाही. नव्या कट्ट्याची पहिली तीन पुस्तकं दोनशे पानांच्या आत ठेवा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ची कादंबरी आमच्या पहिल्या वर्षाला फार उपयोगी पडली. पातळ आहे, आणि वाचून झाल्यावर नायकाला माफ करायचं की नाही यावर घरात दोन तट पडतात.

दुसरी, प्रती. याचा पुढचा टप्पाच आहे.

तिसरी, मतभेदाला जागा. ज्या पुस्तकाला कोणीच नावं ठेवू शकत नाही, ते घरी वाचावं. संतचरित्र, आदरणीय नेत्याचं गौरवपर चरित्र आणि यशस्वी माणसांच्या दहा सवयी सांगणारी पुस्तकं या तिन्हींवर आमच्या बैठका अर्ध्या तासात आटोपल्या. ‘घेण्यासारखं खूप आहे’ म्हटल्यावर पुढे बोलायचं काय?

चौथी, निवडणाऱ्याने निदान पहिली वीस पानं स्वतः वाचलेली असावीत. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून निवडलेलं पुस्तक दोनदा आमच्या अंगाशी आलं आहे.

टप्पा ३: प्रती जमवणं (सहा आठवडे आधी)

मराठी पुस्तकांच्या बाबतीत कट्टे सगळ्यात जास्त इथे अडतात. नाव जाहीर होतं, सगळे खूश होतात, आणि दुकानदार सांगतो, ‘आवृत्ती संपलीय, नवीन कधी येईल सांगता येत नाही.’ म्हणून क्रम असा ठेवा: आधी दुकानात किंवा प्रकाशकाकडे फोन, मग ग्रुपवर नाव.

दहा माणसांना दहा प्रती लागत नाहीत. चार लागतात. दोन किंवा तीन लोक विकत घेतात, एक प्रत वाचनालयातून निघते, एखादी कोणाच्या तरी माहेरच्या कपाटात सापडते. मग प्रत्येक प्रतीमागे दोन-तीन वाचक लावा आणि पहिल्या पानाला चिठ्ठी चिकटवा: कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, पुढे कोणाला द्यायची. तीस दिवस, तीन वाचक, प्रत्येकाला दहा दिवस. चिठ्ठी नसेल तर पहिला वाचक पंचवीस दिवस पुस्तक उशाशी ठेवतो आणि तिसऱ्याच्या हातात ते बैठकीच्या आदल्या रात्री पडतं. सावकाश वाचणाऱ्याला साखळीत शेवटी कधीच ठेवू नका. त्याला मधे ठेवा, पुढचा माणूस त्याच्या मागे लागतो.

जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपालांना जाऊन भेटा आणि पुढच्या तीन पुस्तकांची नावं एकदम द्या. अनामत आणि वर्गणी भरलेला एक सभासद तुमच्यात असला तरी पुरतो. जुन्या वाचनालयांत बाजारात न मिळणारी आवृत्ती हमखास असते. मुदत विचारून घ्या आणि ती प्रत साखळीत पहिल्यांदा फिरवा, नाहीतर दंड कोणी भरायचा यावर बैठक होते.

सावधान: ग्रुपवर कोणी तरी स्कॅन केलेली पीडीएफ टाकतोच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात. ही वर्षं निधनानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. काल-परवाच्या लेखकाची पीडीएफ फिरवणं म्हणजे ज्याच्या पुस्तकावर आपण गप्पा मारणार त्याच्याच खिशात हात घालणं. फुकट आणि रीतसर हवं असेल तर मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं आहेत, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली आहेत.

तपासा: सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे का? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली तेव्हा आम्ही हे विसरलो. ते आत्मचरित्र मुळात १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं, पुढे त्याच्या संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या निघाल्या. बैठकीत तळमजल्यावरच्या काकू एका प्रसंगावर पोटतिडकीने बोलत होत्या आणि तिघे जण ‘असं कुठे आहे?’ म्हणून पानं उलटत होते. त्यांच्या आवृत्तीत तो नव्हताच. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानाचा आकडा सांगून भागत नाही, प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द टिपायचे.

टप्पा ४: वाचताना कार्ड भरा

सगळ्या कृतीत वगळू नये असा टप्पा हाच. बाकी काही जमलं नाही तरी हा करा.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद कापून प्रत्येकाला पुस्तकाबरोबर द्या. खूणही होते आणि नोंदही. त्यावर चार ओळी:

थांबलो ते पान (पुढे वाचण्याआधी मान वर झाली ती जागा).
खटकलं ते पान.
एखाद्या पात्राला विचारायचा एक प्रश्न.
पुस्तक सुरू करताना काय वाटत होतं आणि आता काय वाटतं.

यात ‘पुस्तक कसं वाटलं?’ हा प्रश्न नाही, मुद्दाम नाही. त्याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं, हृदयस्पर्शी, वाचनीय, संग्राह्य. हे शब्द परीक्षणांतून आपल्या जिभेवर बसले आहेत आणि कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात. आमच्याकडे या पाचांवर बंदी आहे. जो वापरेल त्याने चहाचे कप विसळायचे.

‘स्मृतिचित्रे’च्या बैठकीत बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सुरुवात केली, ‘भाषा फार ओघवती आहे हो.’ सगळे हसले, कप त्यांच्या नावावर लागले. मग विचारलं, ‘काका, पान कोणतं?’ त्यांनी कार्ड काढलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग होता, बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतल्याशिवाय ज्यांना चालायचं नाही ते वडील. काकांनी तो तुकडा वाचून दाखवला आणि म्हणाले, ‘माझी आई थोडी अशीच होती. आम्ही भावंडं हसायचो तिला. हे वाचताना मला हसू आलं नाही.’ शेजारच्या ताई लगेच म्हणाल्या, ‘मला तर आलं. बाई स्वतःच हसवतायत की.’ मग पंचवीस मिनिटं त्या एका तुकड्यावर गेली: लक्ष्मीबाई वडिलांची थट्टा करतायत, की लहानपणीची भीती थट्टेत गुंडाळतायत? ‘ओघवती’ या शब्दाखाली एवढं सगळं दडलं होतं. पान विचारलं म्हणून ते बाहेर आलं.

नेहमीची चूक: कार्ड बैठकीच्या दुपारी एकदम भरणं. तेव्हा शेवटचीच पानं आठवतात, म्हणून सगळ्यांची मतं शेवटावरच येतात. कार्ड पुस्तकातच ठेवा, पेन्सिल खिशात. प्रत सामायिक असेल तर पुस्तकात खुणा करू नका, नाहीतर पुढचा वाचक तुमच्याच खुणांच्या मागे जातो आणि तुमचंच मत परत घेऊन येतो.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी दोन ओळींचा आवाजी मेसेज स्वतःलाच पाठवून ठेवावा. आमच्यातल्या एका आजींची नात त्यांचं कार्ड भरते. गंमत म्हणजे आता नातच पुस्तक आधी वाचते.

टप्पा ५: प्रश्न तयार ठेवणं (तीन पुरतात)

ज्याची निवड, त्याने तीन प्रश्न लिहून आणायचे. दहा आणू नका, प्रश्नपत्रिका वाटते. प्रश्नाची कसोटी एकच: उत्तर द्यायला पुस्तक उघडावं लागलं पाहिजे.

‘लक्ष्मीबाई तुम्हाला कशा वाटल्या?’ हा कच्चा प्रश्न. उत्तर येतं ‘धीराच्या’ आणि संपतं.

‘स्त्रियांची तेव्हाची स्थिती आणि आजची’ हा त्याहून वाईट, कारण यावर पुस्तक न वाचता तासभर बोलता येतं आणि लोक बोलतातच.

‘१८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्याचं कळतं तिथपासून लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहायला जातात तिथपर्यंत, त्यांचं मन नेमकं कुठे वळलं?’ हा पक्का प्रश्न. आमच्याकडे नऊ माणसांनी पाच वेगवेगळ्या जागा दाखवल्या. एकाने तर सांगितलं, मन वळलंच नाही, त्यांनी फक्त निर्णय घेतला. त्या वाक्यावर मी अजून अधूनमधून विचार करते.

प्रश्न आधी ग्रुपवर टाकायचे का, याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत: टाकू नका. टाकले की लोक उत्तरं शोधत वाचतात, परीक्षेचा अभ्यास होतो.

टप्पा ६: बैठक, मिनिटांच्या हिशेबाने

सूत्रसंचालकाला आम्ही ‘वाढपी’ म्हणतो. सगळ्यांच्या पानात पडलंय का ते बघायचं, कोणाला जास्त झालं असेल तर हात आखडता घ्यायचा, आणि स्वतः शेवटी बसायचं. वाढपी दर वेळी वेगळा, पण ज्याचं पुस्तक तो कधीच नाही. आपण निवडलेल्या पुस्तकावर टीका झाली की माणूस वकिली करायला लागतो.

५.३० ते ६.००: पहिला फेरा. प्रत्येकी तीन मिनिटं, दहा जणांचा अर्धा तास. मोबाईलवर गजर लावा आणि तो वाजला की वाक्य पूर्ण करून थांबायचं, मग ते कोणीही असो. या फेऱ्यात फक्त कार्डावरचं बोलायचं, दुसऱ्याला उत्तर द्यायचं नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात पुस्तक अर्धवट सोडलेल्यांपासून करा: कोणत्या पानावर सोडलं आणि का. हे ऐकायला फार उपयोगी असतं आणि त्यांची लाजही पहिल्या पाच मिनिटांत संपते. मग कमी बोलणारे, मग बाकीचे. अभ्यासू माणूस सगळ्यात शेवटी. प्रत्येक कट्ट्यावर एक तरी निवृत्त मास्तर असतात, त्यांना खरंच खूप माहीत असतं, आणि ते पहिले बोलले की बाकीचे नऊ जण ‘सरांनी म्हटलं तसंच’ म्हणतात. आमच्या पहिल्या कट्ट्याचं मरण बरंचसं यात होतं. दुसऱ्यात सरांना शेवटचं स्थान दिलं. पहिल्या महिन्यात ते जरा रुसले. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, ‘मी लिहून आणलं होतं ते आता बोलत नाही. तुमचं ऐकून दुसरंच सुचलंय.’

नवरा-बायको दोघेही सभासद असतील तर एकापाठोपाठ एक बोलायला देऊ नका. मधे निदान तीन माणसं ठेवा.

६.०० ते ६.१५: वाचून दाखवणं. पहिल्या फेऱ्यात ज्या दोन-तीन जागांवर मतं फुटली, तिथला अर्धा-पाऊण पानाचा मजकूर मोठ्याने वाचायचा. चष्मा विसरलेला असतोच कोणी तरी, शेजाऱ्याचा घ्यावा. आठवणीतून बोलणारे इथे गप्प होतात, कारण त्यांना आठवलेलं आणि छापलेलं नेहमी सारखं निघत नाही.

६.१५ ते ७.००: मोकळी चर्चा. तीन प्रश्नांतला एक पुरेसा झाला तर बाकीचे सोडून द्या. वाढप्याकडे एकच हत्यार, ‘पान कोणतं?’ हा प्रश्न. विषय पार्किंग, पाणीकपात किंवा मुलांच्या ॲडमिशनकडे वळला की तो विचारायचा. लेखकाच्या खाजगी आयुष्यातल्या ऐकीव गोष्टी निघाल्या तरी हाच विचारायचा.

७.०० ते ७.१०: पुढच्या पुस्तकाचं नाव, प्रतींच्या चिठ्ठ्या, कोऱ्या कार्डांचं वाटप. मग चहा.

तपासा: सव्वासातला चहा सुरू झाला का? आठ वाजेपर्यंत रेंगाळणारी बैठक यशस्वी वाटते, पण घरी कुकर लावायचा असलेल्या बायका पुढच्या महिन्यात ‘बघते’ म्हणायला लागतात.

टप्पा ७: मतं भिडतात तेव्हा

शेजारी आहोत, हे विसरून चालत नाही. उद्या लिफ्टमध्ये भेटायचं आहे. म्हणून बरेच कट्टे मतभेद टाळतात आणि गोड बोलून झोपी जातात. काही उलट टोकाला जातात. जात, धर्म, नवरा-बायको आणि राजकारण या चार गोष्टी चांगल्या पुस्तकात कुठे ना कुठे येतातच. त्या टाळायचं ठरवलं तर वाचायला पंचांग उरेल.

आमचा नियम साधा आहे. पात्राबद्दल काहीही बोला, समोरच्या माणसाबद्दल नाही. ‘टिळकांनी बायकोला न विचारता असा निर्णय घ्यायला नको होता’, चालेल. ‘तुमच्यासारख्या लोकांना टिळक आवडणारच’, चालणार नाही, वाढपी तिथेच थांबवतो. आणि आवाज चढला तर उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, त्याने ‘हो, हेच’ म्हटलं की मगच आपलं. पहिल्यांदा हा पोरखेळ वाटतो. पण निम्म्या वेळा ‘नाही, मी असं म्हटलंच नव्हतं’ हे उत्तर येतं आणि भांडणाचं कारणच उरत नाही.

एकमत करायच्या भानगडीत पडू नका. शेवटी हात वर करून ‘आवडलं किती, नाही किती’ मोजायची सवय काही ठिकाणी आहे, दहापैकी गुण देण्याचीही. आम्ही दोन्ही बंद केली. गुण मागितले की माणूस सातवर जातो आणि लपतो.

एखाद्या सभासदाला पुस्तकातला प्रसंग स्वतःच्या आयुष्यामुळे जड गेला, तर त्याला गप्प बसायची मुभा ठेवा आणि कारण विचारू नका. तीन मिनिटांचा गजर त्याच्यासाठी लावायचा नाही.

टप्पा ८: मतवही

बैठकीनंतर कार्डं फेकू नका. दोनशे पानी वही घ्या, एका पुस्तकाला दोन पानं, त्यावर कार्डं चिकटवा. इतिवृत्त लिहायची गरज नाही, ते कोणी वाचत नाही. वर्षाच्या शेवटच्या बैठकीत वही फिरवायची आणि प्रत्येकाने आपलं एक जुनं कार्ड काढून सांगायचं की आज हेच लिहिलं असतं का. बँकेतल्या काकांनी मागच्या वर्षी ‘रणांगण’चं कार्ड काढलं. ‘खटकलं ते पान’समोर त्यांनी तेव्हा लिहिलं होतं: ‘शेवट. नायिका उगाच रडवी.’ त्याखाली पेनाने रेघ मारून आता नवी ओळ आहे: ‘पुन्हा वाचलं. ती रडवी नाही, मी घाईत होतो.’

वहीच्या मागच्या पानावर परत न आलेल्या पुस्तकांची यादी ठेवा, नावासकट, आणि ती प्रत्येक बैठकीत चहाच्या आधी मोठ्याने वाचा. आमच्या यादीत सध्या तीन पुस्तकं आहेत. त्यातलं एक माझ्याकडे आहे, या शनिवारी देते.